‘रिपोर्ट नॉर्मल आहे’

माझी धाकटी बहीण बारावीत असताना पाळीच्या दिवसांत ओटीपोट धरून मोरीत बसून राहायची. आई गरम पाण्याची पिशवी द्यायची आणि म्हणायची, ‘मलाही असंच व्हायचं.’ मावशीच्या मते लग्नानंतर सगळं थांबणार होतं. पुढे सोनोग्राफी झाली. रिपोर्ट नॉर्मल. त्यानंतर बहिणीने तक्रार करणंच सोडलं. दुखण्याचं नाव कळलं तेव्हा ती २९ वर्षांची होती: एंडोमेट्रिओसिस.

गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती या आजारात गर्भाशयाबाहेर रुजते: बीजकोशांवर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतड्यावर. सूज येते, व्रण राहतात, अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुनं रक्त साचून होणाऱ्या गाठीला डॉक्टर ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला ती कधी झाली नसणार!

पाळीचं रक्त नलिकांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात, अशी उपपत्ती जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२७मध्ये मांडली. पण असं उलटं वाहणं बहुतेक स्त्रियांत होतं. आजार मात्र, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात १९ कोटींना होतो. बाकीच्यांना का नाही, याचं पूर्ण उत्तर नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे मात्र नक्की. आईचं ते दिलाशाचं वाक्य खरं तर कुटुंबाचा वैद्यकीय इतिहास होता. तो कोणी लिहून घेतला नाही.

रोगाचा पसारा आणि वेदना यांचं प्रमाणही जुळत नाही. बारीक ठिपक्यांनी एखादी लोळागोळा होते. मोठी गाठ असलेलीला दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या होईपर्यंत पत्ताही नसतो. हे ठिपके साध्या सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत. म्हणजे ‘नॉर्मल’चा अर्थ ‘दिसलं नाही’ एवढाच! पूर्वी दुर्बिणीतून पोटात पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. २०२२च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ती अट सैल केली. लक्षणं नीट ऐकूनही औषध सुरू करता येतं.

मुळापासून बरा करणारा उपाय अजून नाही. संप्रेरकांच्या गोळ्या, वेदनाशामकं, गरज पडल्यास शस्त्रक्रिया. त्यानंतरही त्रास परतू शकतो. लग्न आणि बाळंतपण हे इलाज नव्हेतच.

बहीण आता वहीत तारखा मांडते: कधी दुखलं, शौचाच्या वेळी दुखलं का, संबंधाच्या वेळी दुखलं का. हा शेवटचा प्रश्न तिला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती.