पेट्रोलमधील मद्यार्क

भारतातील पेट्रोलपंपावर एखादी स्कूटर वा मोटार उभी राहते आणि तिच्या टाकीत पाच लिटर इंधन पडते, तेव्हा त्यांपैकी सुमारे एक लिटर हे पेट्रोल नसते. ते इथेनॉल, म्हणजेच इथाइल मद्यार्क असते. खनिज तेलाच्या विहिरीशी त्याचा काही संबंध नाही. ते उसाच्या फडातून, मक्याच्या दाण्यांतून किंवा तांदळाच्या कण्यांतून आलेले असते. या मिश्रणास ‘ई-२०’ असे नाव आहे. ‘ई’ हे इथेनॉलचे आद्याक्षर होय आणि वीस हा आकडा त्याचे घनफळाने शेकडा प्रमाण दाखवितो. २०२५ साली देशात हे प्रमाण गाठले गेले आणि त्याच वर्षी वाहनधारकांत मोठा वाद उसळला. गाडी पूर्वीइतकी धावत नाही, जुन्या गाडीचे रबरी भाग खराब होतात, अशा तक्रारी ऐकू येऊ लागल्या. त्या निराधार आहेत असे दुसऱ्या बाजूने सांगितले जाऊ लागले. साधे पेट्रोल निवडण्याची मुभा असावी, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली व सप्टेंबर २०२५ मध्ये ती फेटाळली गेली. न्यायालयातील निकाल लागला, तरी इंजिनात काय घडते हा प्रश्न शिल्लक राहतोच. त्याचे उत्तर शोधावयाचे तर मद्यार्काच्या रेणूपासून आरंभ केला पाहिजे. कारण त्याचे गुण आणि दोष एकाच मुळातून निघालेले आहेत.

प्राणवायूचा एक अणू

पेट्रोल हा काही एकच पदार्थ नव्हे. मुख्यतः कार्बन व हायड्रोजन या दोन मूलद्रव्यांपासून बनलेल्या शेकडो संयुगांचे ते मिश्रण असते. इथेनॉल मात्र एकाच प्रकारच्या रेणूंचे बनलेले आहे. त्या रेणूत कार्बनचे दोन, हायड्रोजनचे सहा आणि प्राणवायूचा एक अणू असतो. वजनाने पाहिले तर ४६ भागांपैकी १६ भाग, म्हणजे एक-तृतीयांशाहूनही किंचित अधिक, हा प्राणवायूच भरतो. आता ज्वलन म्हणजे प्राणवायूशी होणारा संयोग. ज्या इंधनाच्या पोटात प्राणवायू अगोदरच बसलेला आहे, ते जळताना तितकी कमी उष्णता देणार हे उघड आहे. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. तेवढ्याच इथेनॉलपासून सुमारे २१ मेगाज्यूलच मिळते.

यावरून साधा हिशेब मांडता येतो. ई-२०च्या एका लिटरमध्ये चार-पंचमांश पेट्रोलची २५.६ आणि एक-पंचमांश इथेनॉलची ४.२ मिळून २९.८ मेगाज्यूल उष्णता असते. म्हणजे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेने शेकडा सातच्या आसपास तूट. ही तूट कोणत्याही जाहिरातीने वा खुलाशाने भरून निघणारी नाही. मात्र रस्त्यावर ती संपूर्णपणे प्रत्ययास येईलच असेही नाही. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालात निव्वळ पेट्रोलसाठी आखलेल्या व दहा टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या चारचाकी गाड्यांच्या बाबतीत शेकडा ६ ते ७ घट अंदाजिली आहे, निव्वळ पेट्रोलसाठी आखलेल्या दुचाकींच्या बाबतीत शेकडा ३ ते ४, आणि ज्या चारचाकी दहा टक्क्यांसाठी आखून वीस टक्क्यांसाठी जुळविल्या आहेत त्यांच्या बाबतीत अवघी १ ते २. एकाच इंधनाचे तीन निरनिराळे परिणाम व्हावेत, हे चमत्कारिक वाटेल. त्याचे कारण इंधनात नसून इंजिनात आहे.

शिसे गेले, मद्यार्क आला

पेट्रोलच्या इंजिनात हवा व इंधनाची वाफ यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि मग ठिणगी पडून ते पेटते. मिश्रण जितके अधिक दाबावे, तितके इंधनातून अधिक काम निघते. परंतु दाब वाढविला की मिश्रण तापते, आणि ज्योत पोचण्यापूर्वीच त्याचा काही भाग आपोआप भडकतो. अशा वेळी इंजिनातून ठकठक असा आवाज येतो व कालांतराने दट्ट्यास इजा पोचते. हा अकाली भडका टाळण्याची इंधनाची क्षमता ऑक्टेन-अंकाने मोजतात. भारतातील नेहमीच्या पेट्रोलचा हा अंक ९१ होता. ई-२०चा तो ९५ आहे. इथेनॉलची वाफ होताना ते सभोवतालची पुष्कळ उष्णता शोषून घेते आणि आत येणारी हवा थंड करते, याचाही येथे लाभ होतो.

मद्यार्काचा हा गुण विसाव्या शतकाच्या आरंभापासून ज्ञात होता. तथापि १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली याला शिशाचे एक संयुग तेच काम अत्यल्प मात्रेत करते असे आढळले आणि जगाने तो मार्ग पत्करला. शिसे विषारी आहे ही गोष्ट तेव्हाही अज्ञात नव्हती. पुढे कित्येक दशके शहरांतील मुलांनी ते श्वासावाटे घेतले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली. जगात सर्वांत शेवटी अल्जीरियाने २०२१ साली ती थांबविली. सव्वाशे वर्षांच्या या इतिहासात मद्यार्काला पुन्हा पाचारण झाले ते काहीसे उशिरानेच.

अधिक दाबाचे इंजिन बनविले तर ऑक्टेन-अंकाचा फायदा मिळून उष्णतेची तूट बरीच भरून निघते. ज्या इंजिनाचा दाब जुन्या पेट्रोलसाठी कायमचा ठरलेला आहे, त्याला हा वाढीव अंक फारसा उपयोगी पडत नाही. त्याच्या वाट्याला तूट तेवढी येते.

जुनी गाडी आणि नवी गाडी

दुसरी गोष्ट हवेच्या प्रमाणाची. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. इथेनॉलला ९ किलोग्रॅम पुरते. ई-२०साठी हे प्रमाण साडेतेराच्या जवळपास येते. आधुनिक गाडीत इंधन फवाऱ्याने सोडले जाते आणि धूर बाहेर जाण्याच्या मार्गावर प्राणवायू मोजणारा संवेदक बसविलेला असतो. धुरात प्राणवायू अधिक आढळला, की यंत्रणा क्षणार्धात इंधनाची मात्रा वाढविते. चालकाला त्याची वार्ताही नसते. जुन्या दुचाकीतील कार्बोरेटरला मात्र हे कळण्याचा मार्ग नाही. त्यातील इंधनाचे छिद्र कारखान्यात ज्या मापाचे केले, त्याच मापाचे राहते. त्यामुळे मिश्रणात हवा जास्त व इंधन कमी असे होते. सकाळी गाडी चालू होण्यास वेळ लागतो, वेग घेताना ती अडखळते. ‘बीएस-६’ हे प्रदूषणाचे मानक १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले, त्यापूर्वीच्या बहुसंख्य भारतीय दुचाकी कार्बोरेटरच्या होत्या आणि त्यांपैकी पुष्कळ आजही रस्त्यावर आहेत.

हीच बाब दुसऱ्या अंगाने हितकर ठरते. मिश्रणात प्राणवायू अधिक असल्याने ज्वलन अधिक पूर्ण होते व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू कमी निघतो. नीती आयोगाच्या त्याच अहवालात ही घट दुचाकींत सुमारे शेकडा ५० व चारचाकींत शेकडा ३० दिली आहे. नायट्रोजनच्या ऑक्साइडांबाबत मात्र निश्चित असा कल आढळला नाही, आणि ॲसिटाल्डिहाइड हा डोळ्यांना झोंबणारा पदार्थ मद्यार्कामुळे वाढतो. तेव्हा या इंधनाचा धूर सर्वस्वी निर्मळ असतो असे समजू नये.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि आपल्या पावसाळी देशात तीच बहुधा सर्वांत महत्त्वाची होय. पेट्रोल व पाणी यांचे सख्य नाही. इथेनॉलच्या रेणूतील प्राणवायूचा अणू मात्र पाण्याच्या रेणूला जवळ ओढतो. प्रयोगशाळेत याची प्रचीती घेता येते. शंभर घनसेंटिमीटरच्या मोजपात्रात ५० घनसेंटिमीटर ई-२० व तितकेच पाणी घालून हलविले आणि स्थिर होऊ दिले, की खालचा पाण्याचा थर ५० वर न थांबता ६० च्या सुमारास पोचलेला दिसतो. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात उतरलेले असते. (पेट्रोलची वाफ अतिशय ज्वालाग्राही असल्याने हा प्रयोग शिक्षकांनीच, ज्योतीपासून दूर, करून दाखवावा.) टाकीत नेमके हेच घडू शकते. थोडेसे पाणी मिश्रण सहज सामावून घेते. ते मर्यादेपलीकडे गेले, की दोन थर होतात: तळाशी मद्यार्कमिश्रित पाणी, वर ऑक्टेन-अंक घसरलेले पेट्रोल. इंधनाची नळी बहुधा तळातूनच निघत असल्याने पहिल्यांदा पाणीच इंजिनात जाते. पोलादी टाकी असेल तर तळाला गंज धरतो. रोज धावणाऱ्या गाडीत इंधन फार दिवस राहत नाही, म्हणून तेथे भय थोडे. कोकणात किंवा आसामात झाकण सैल असलेली एखादी गाडी सबंध पावसाळाभर अंगणात उभी राहिली, तर ते अधिक.

रबराचेही तसेच आहे. जुन्या गाड्यांतील काही प्रकारच्या रबरी नळ्या व चकत्या तसेच बुचाच्या लाकडाचे तुकडे मद्यार्कात फुगतात, मऊ पडतात किंवा कालांतराने चिरतात. फ्लोरिनयुक्त रबर त्यात टिकते. भारतात एप्रिल २०२३ पासून मिश्रणाला टिकणाऱ्या साहित्याच्या गाड्या, आणि एप्रिल २०२५ पासून इंजिनासह ई-२०साठी जुळविलेल्या गाड्या बाजारात आल्या. त्याहून जुन्या गाडीच्या धन्याने इंधनाच्या नळ्या व चकत्या तपासून घ्याव्यात आणि त्या बदलावयाच्या झाल्यास टिकाऊ रबराच्या घ्याव्यात. मद्यार्क टाकीतील जुना गाळही सोडवितो. म्हणून आरंभी गाळणी तुंबण्याचा संभव असतो.

शेतातून टाकीत

साखर किंवा पिष्ट यांवर यीस्टची क्रिया झाली की मद्यार्क तयार होतो. पिष्टाचे मात्र अगोदर साखरेत रूपांतर करावे लागते. नंतर ऊर्ध्वपातनाने मद्यार्क वेगळा करतात. परंतु वजनाने शेकडा ९५.६ या प्रमाणावर हे ऊर्ध्वपातन अडते; पुढे कितीही उकळले तरी मद्यार्क व पाणी एकत्रच वाफ होऊन निघतात. पेट्रोलमध्ये मिसळावयाच्या इथेनॉलात तर पाणी जवळजवळ असूच नये. यावर उपाय म्हणून ती वाफ झिओलाइट नावाच्या खनिजाच्या मण्यांतून सोडतात. त्यातील छिद्रे तीन अँगस्ट्रॉमची असतात. पाण्याचा रेणू त्यांत शिरून अडकतो. इथेनॉलचा मोठा रेणू बाहेरून निघून जातो.

भारतात हा विचार नवा नाही. १९४८ सालीच वाहनांच्या इंधनातील मद्यार्काविषयी केंद्रीय कायदा झाला होता. तो २००० मध्ये रद्द झाला. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशात बरेली येथे पाच टक्के मिश्रणाची चाचणी घेण्यात आली. २००३ पासून ते नऊ राज्यांत सुरू झाले, पण इथेनॉलच पुरेसे मिळेना. २०१३-१४ सालीसुद्धा प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच घोटाळत होते. जून २०२२ मध्ये ते दहा टक्के झाले आणि अवघ्या तीन वर्षांत त्याच्या दुप्पट.

ही झेप मळीच्या बळावर होणे शक्य नव्हते. साखर काढून उरलेली मळी वापरली, तर एक टन उसापासून दहा-अकरा लिटरच इथेनॉल मिळते. रसच वापरला तर सुमारे सत्तर लिटर मिळते, पण मग साखर होत नाही. शिवाय उसाला पाणी फार लागते. नीती आयोगाच्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल मिळविण्यास २,८६० लिटर पाणी खर्ची पडते. दुष्काळी तालुक्यातील पाटाचे पाणी अशा रीतीने शहरातील मोटारीच्या टाकीत पोचते, ही गोष्ट पेट्रोलपंपावर कोणास दिसत नाही. २०२३ साली पाऊस कमी झाला, तेव्हा डिसेंबरमध्ये सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले. त्यानंतर मक्यावर भार आला व २०२४-२५ मध्ये मका हाच सर्वांत मोठा स्रोत ठरला. परंतु कोंबड्यांचे मुख्य खाद्यही मकाच असल्याने, एरवी मका निर्यात करणाऱ्या भारताला २०२४ साली तो आयात करावा लागला.

ब्राझीलने या अडचणी पूर्वीच अनुभविल्या आहेत. तेथे १९७५ साली राष्ट्रीय मद्यार्क योजना सुरू झाली आणि १९७९ पासून निव्वळ मद्यार्कावर चालणाऱ्या मोटारी विकल्या जाऊ लागल्या. १९८९-९० च्या सुमारास मद्यार्काचा तुटवडा पडला आणि या मोटारींचे मालक पंपांपुढे रांगा लावून उभे राहिले. २००३ साली तेथे मिश्रणाचे प्रमाण कोणतेही असले तरी चालणारी मोटार आली. आता कोणते इंधन भरावयाचे हे चालक पंपावरील भाव पाहून ठरवितो. मद्यार्काचा भाव पेट्रोलच्या सात-दशांशांहून कमी असेल तरच तो परवडतो, हा तेथील साधा ठोकताळा आहे. २१ व ३२ या वर दिलेल्या दोन आकड्यांतून तो सहज समजून येतो.

अन्न व इंधन यांची ही ओढाताण टाळण्यासाठी पिकाच्या टाकाऊ भागापासून इथेनॉल करण्याचे कारखाने भारतात उभे राहिले आहेत. हरियाणातील पानिपत येथे २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यावर चालणारा, तर आसामातील नुमालीगढ येथे २०२५ मध्ये बांबूवर चालणारा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. पेंढ्यातील सेल्युलोज हेही मूलतः साखरेच्या रेणूंचीच साखळी आहे. पण ती लिग्निन नामक चिवट द्रव्यात गुरफटलेली असते. ती मोकळी करण्यास उष्णता, आम्ले व महागडी विकरे लागतात. त्यामुळे पेंढ्यापासूनचे इथेनॉल मळीपासूनच्या इथेनॉलहून अद्याप महाग पडते.