मनोरीच्या किनारी जपानी कुंभारकाम

ज्याला हाताने काही घडविण्याची ओढ आहे, परंतु ज्याचा सारा दिवस कागदपत्रांत आणि यंत्राच्या पडद्यासमोर खर्ची पडतो, अशा शहरवासी मनुष्यासाठी चार-आठ दिवस एके ठिकाणी राहून मातीकाम शिकविणारी शिबिरे अलीकडे ठिकठिकाणी भरू लागली आहेत. आणि त्यांपैकी पुष्कळांत चहाचे पेले, भाताचे वाडगे व फुलदाण्या घडविण्याची जपानी रीत आदर्श म्हणून पुढे ठेवली जाते. या रीतीचा अभ्यास मुंबईकराने करावयाचा झाला, तर त्यास मुंबई उपनगर जिल्ह्यातील मौजे मनोरीइतके अनुकूल स्थळ क्वचितच सापडेल. मालाडनजीकच्या मार्वे धक्क्यावरून होडीने खाडी ओलांडली की कोळी आणि ईस्ट इंडियन वस्तीचे हे गाव लागते. खुष्कीच्या मार्गाने गोराई, उत्तन व भाईंदर यांच्याशी ते जोडलेले आहे, आणि ईस्ट इंडियन समाजाच्या जुन्या संसारोपयोगी वस्तू जतन करणारे एक लहानसे संग्रहालयही तेथे आहे.

जपानी शिक्षणाचा आरंभ चाकावर होत नाही. तो माती मळण्यापासून होतो. दोन्ही तळहातांनी गोळा दाबत आणि थोडाथोडा फिरवत गेले म्हणजे त्यावर शेवंतीच्या पाकळ्यांसारख्या वळ्या उमटतात, मातीत कोंडलेली हवा निघून जाते आणि सारा गोळा एकजीव होतो. हौशी विद्यार्थ्याला हे काम कंटाळवाणे वाटते. परंतु ज्याने येथे घाई केली, त्याची माती चाकावर डगमगते. पुढे चाकाच्या मधोमध मोठा गोळा बसवून केवळ त्याच्या शेंड्यापासून एक पेला उठवावयाचा, दोऱ्याने कापून तो अलगद उतरवावयाचा, आणि उरलेल्या गोळ्याच्या शेंड्यापासून लगेच दुसरा घडवावयाचा, अशी जपानी कुंभाराची रीत आहे. दिवाळीपूर्वी आपल्याकडील कुंभार पणत्यांच्या राशी घालतो, तेही नेमके याच रीतीने. जे कसब शिकण्यासाठी विद्यार्थी जपानी गुरूचा शोध घेतो, त्यातील एक महत्त्वाचा भाग त्याच्या गावचा कुंभार पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे, ही गोष्ट प्रत्येक शिबिरार्थीच्या ध्यानी आणून दिली पाहिजे.

अर्थात दोन्ही परंपरांत भेद आहेत, आणि तेही शिकण्याजोगे आहेत. जपानी कुंभार पेला अर्धवट वाळला की तो पालथा घालून त्याची बैठक कोरतो. तेथील रसिक भांडे हाती आले म्हणजे ते उलटून ही बैठक प्रथम पाहतो, कारण कारागिराच्या हाताची निश्चितता तेथे लपत नाही. आपले मडके प्रायः मंद आचेच्या आव्यात भाजलेले, सच्छिद्र आणि म्हणूनच पाणी गार ठेवणारे असते. उलट जपानातील बिझेन, शिगाराकी, तांबा इत्यादी प्राचीन केंद्रांतील भांडी १२०० अंश सेल्सिअसच्या वरच्या आचेत भाजून दगडासारखी घट्ट होतात. आपल्या साध्या लाल मातीला एवढी आच बहुधा सोसत नाही. ती फुगते वा बसते. खाडीच्या गाळात क्षार असतो व वाळताना तो भांड्याच्या अंगावर पांढरा उमटतो. सबब मनोरीत शिबिर भरविणाऱ्याने माती बाहेरून आणण्याची तजवीज आधी केली पाहिजे.

माती बाहेरची असली, तरी या किनाऱ्याजवळ असलेल्या वस्तूंचे मोल जपानी कुंभारापासून शिकावे. बिझेनचा कुंभार भांड्याला झिलई देत नाही. तो त्याभोवती भाताचा पेंढा गुंडाळतो, आणि पेंढ्यातील क्षार मातीतील लोहाशी संयोग पावून भट्टीत तांबड्या रेषा उमटतात. भाताच्या तुसाची राख सिलिकेने समृद्ध असते. ती लाकडाच्या राखेशी व फेल्डस्पार नामक खनिजाशी योग्य प्रमाणात मिसळली की दुधासारखी पांढरी झिलई तयार होते. भट्टीत भांडी एकमेकांस वा तळाला चिकटू नयेत म्हणून जपानी कुंभार त्यांखाली शिंपलेही ठेवतात, आणि त्यांचे ठसे भांड्याचे भूषण ठरतात. पेंढा, तूस, राख आणि शिंपला या कोकणातील नित्याच्या वस्तू आहेत. ज्यास आपण केर समजून फेकतो, त्याच्याकडे आदराने पाहावयास शिकविणे हा या कलेचा मोठाच उपकार होय.

जपानशी आपले हे नाते नवे नाही. भारतीय कुंभार-कलावंत सरदार गुरचरण सिंग १९१९ साली कुंभारकामाच्या अभ्यासासाठी टोकियोस गेले. तेथे लोककलेचे चिंतक यानागी सोएत्सु, जपानी कुंभार हामादा शोजी आणि इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांच्याशी त्यांचा परिचय झाला, आणि साध्या उपयोगाच्या वस्तूंतील सौंदर्य ओळखण्याची दृष्टी घेऊन ते परतले. लोककलेविषयीच्या यानागींच्या विचारांना जपानात चळवळीचे रूप आले, आणि त्यातूनच १९३६ मध्ये टोकियोत लोककलेचे संग्रहालय उभे राहिले. पुढे निर्मला पटवर्धन यांनी लीच यांच्या इंग्लंडमधील कार्यशाळेत काम करून ते ज्ञान भारतीय कुंभारांपर्यंत पोहोचविले. आणि बिझेन येथे शिकलेल्या डेबोरा स्मिथ यांनी रे मीकर यांच्यासह १९७१ मध्ये पाँडिचेरीत जी कार्यशाळा काढली, तिच्यातून अनेक भारतीय कुंभार-कलावंत घडले. मनोरीच्या शेजारी, भाईंदर येथे, बिहारच्या परंपरागत कुंभारकुळात जन्मलेले ब्रह्मदेव राम पंडित यांची कार्यशाळा आहे. पिढीजात चाक आणि आधुनिक भट्टी यांचा मेळ घालणाऱ्या या कारागिरास २०१३ साली पद्मश्री मिळाली.

शिबिरास किती दिवस द्यावेत, हा प्रश्न विचारणाऱ्यास स्पष्टच सांगितले पाहिजे की मातीचे वेळापत्रक तिच्या स्वाधीन असते. समुद्राजवळच्या दमट हवेत भांडे वाळावयास बहुधा आठवडा लागतो, पावसाळ्यात याहून अधिक. म्हणून हिवाळ्याचे दिवस उत्तम. वाळल्यानंतर सुमारे ९०० ते १००० अंशांवर पहिली भाजणी, मग झिलई आणि मग दुसरी भाजणी, असा क्रम आहे. आणि तोही दरवेळी भट्टी थंड होण्याची वाट पाहूनच पार पडतो. ज्या शिबिरात दोन दिवसांत सारे आटोपते, तेथे बहुधा राकू पद्धतीचा अवलंब केलेला असतो. क्योतोमध्ये १६व्या शतकात चोजिरो याने सेन नो रिक्यू या चहाविधीच्या आचार्यासाठी जे वाडगे घडविले, त्यांपासून ही पद्धती सुरू झाली. लालभडक भांडे चिमट्याने काढून भुशात टाकण्याचा प्रकार मात्र अमेरिकेत १९६० च्या सुमारास पॉल सोल्डनर यांनी रूढ केलेला आहे. तो प्रेक्षणीय आहे. परंतु त्यातील भांडी सच्छिद्र राहतात आणि त्यांची झिलई खाण्यापिण्यास सुरक्षित असेलच असे नाही, म्हणून ती शोभेसाठीच ठेवावीत.

संत गोरोबाकाकांनी थापटण्याने ठोकून संतमंडळीतील पक्के-कच्चे ओळखल्याची कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. भाजणीतून काढलेल्या भांड्यावर टिचकी मारून त्याच्या नादावरून त्याची पारख करण्याची रीत कुंभार आजही पाळतात. तेव्हा जपानी पद्धती शिकविणाऱ्या शिबिराने जपानी परिभाषा आणि जपानी चहापात्रे यांपुरते थांबू नये. परिसरातील परंपरागत कुंभारास रीतसर मानधन देऊन अध्यापक म्हणून पाचारण करावे, त्याचे चाक व त्याचा आवा विद्यार्थ्यांना दाखवावा, आणि शिबिरासाठी येणाऱ्या खर्चाचा वाटा त्याच्या घरापर्यंत पोहोचेल असा बंदोबस्त करावा. हौशी विद्यार्थी चार दिवसांत कुंभार होत नाही. परंतु बाजारात मडके विकत घेताना किंमत पाडण्यापूर्वी त्यामागील श्रम ज्यास प्रत्यक्ष अनुभवाने ठाऊक असतील, असा ग्राहक होऊन तो घरी जाऊ शकतो. त्या शिबिराचे खरे फलित हेच मानावे, आणि आयोजकांनी आपली सर्व आखणी त्याच हेतूने करावी.