आधी वीज, मग ओळख!

यूएसबीचा सगळा तोरा एका गोष्टीवर: आपली ओळख आपणच करून द्यायची. पेनड्राइव्ह खोचला रे खोचला की तो घडाघडा बोलायला लागतो. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, किती मिलिअँपिअर लागतील, सगळं सांगून मोकळा. १९९६ साली पहिलं यूएसबी आलं तेव्हापासूनचा हा रिवाज. पण जी चिप बोर्डावर कायमची सोल्डर केली आहे आणि जिची वीजच अजून चालू केलेली नाही, ती काय बोलणार?

इथे आधी कोंबडी की आधी अंडं! चिप दिसली तर लिनक्स तिचा ड्रायव्हर उठवणार, आणि ड्रायव्हरने वीज दिली तर चिप दिसणार. म्हणून एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांवर लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, आधीच एक नकाशा दिला जातो: डिव्हाइस ट्री. कुठल्या पोर्टवर कोण बसलंय, त्याला वीज कुठून येते, रीसेटची पिन कोणती, सगळं त्यात. ही कल्पना मोबाइलच्या जमान्यातली नाही बरं का. १९९४ च्या आयईईई १२७५ या ओपन फर्मवेअरच्या मानकातून ती आली.

नकाशात यूएसबी चिपचं नाव कसं लिहितात? 'यूएसबी' आणि पुढे तिचेच दोन हेक्स क्रमांक, एक कंपनीचा, एक मॉडेलचा. जेनेसिस लॉजिकच्या हबचे (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या चिपचे) क्रमांक ०५ई३ आणि ०६०८. नकाशात मात्र 'यूएसबी५ई३,६०८'. सुरुवातीची शून्यं गाळायची. एक शून्य जास्त पडलं तरी नाव जुळत नाही, आणि मग बसा शोधत!

रास्पबेरी पाय ३ घ्या. त्याचं इथरनेट हे खरं तर यूएसबी उपकरण आहे: एलएएन९५१४ नावाची चिप, पोटात हब आणि त्या हबच्या पहिल्या पोर्टवर इथरनेट. नकाशात हबच्या पोटात इथरनेटची नोंद, पण तिचा खरा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची ओळख, तिथे नाही. बोर्ड चालू होताना फर्मवेअर तिथे खरा पत्ता भरतं. फॉर्म छापून ठेवायचा, नाव ऐनवेळी!

सगळ्यात मजेशीर जुगाड पँडाबोर्ड नावाच्या एआरएम बोर्डाचा. त्यावरही हीच चिप, पण हबला वीज कशी द्यायची हे लिहायला नकाशात जागाच नव्हती. मग काय, हबची वीज आणि हबचा रीसेट, दोन्ही जवळच्या यूएसबी फिजिकल लेयरच्या, म्हणजे तारेवरचे सिग्नल सांभाळणाऱ्या भागाच्या, नावावर खपवले. तेही ज्याला स्वतःला फारसं काही करायचंच नसतं, अशा ड्रायव्हरच्या गळ्यात. वीजपुरवठ्याच्या नावात 'व्हीबस', व्होल्टेज मात्र ३.३, खरा व्हीबस, म्हणजे यूएसबीची वीजवाहिनी, ५ व्होल्टचा! चालू केल्यावर ७० मिलिसेकंद थांबायची सूचनाही सोबत. चाललं मात्र झकास, आणि जे चालतं ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

अशा जुगाडांऐवजी सर्वांसाठी एकच नीट सोय असावी म्हणून कर्नल डेव्हलपर पीटर चेन यांनी २०१६ मध्ये प्रस्ताव मांडला. आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, पण कर्नलमध्ये काही तो गेला नाही. अखेर मथायस केल्के यांचा ऑनबोर्ड हबचा ड्रायव्हर २०२२ मध्ये लिनक्स ६.० मध्ये आला. युक्ती साधी: मूळ हब (यूएसबी कंट्रोलरचा स्वतःचा) सुरू होतानाच नकाशा वाचायचा, खाली कोणी नोंदलेलं दिसलं की आधी त्याची वीज लावायची, ओळखपाळख नंतर.

त्यातही गंमत आहेच. यूएसबी ३ चा हब म्हणजे एका चिपमध्ये दोन हब: एक यूएसबी २ चा, एक ३ चा. नकाशात नोंदी दोन, वीज एकच. म्हणून दोन्ही नोंदी 'पीअर हब' म्हणून एकमेकींकडे बोट दाखवतात; नाहीतर एकाने दिवा मालवला की दुसराही अंधारात.

रीसेट किती वेळ दाबून धरायचा, यात प्रत्येकाची तऱ्हा निराळी. ड्रायव्हरमध्ये मायक्रोचिपच्या एका हब-कुटुंबापुढे १ मायक्रोसेकंद लिहिलंय, सायप्रेसच्या एचएक्स३ पुढे १०,०००. दहा हजार पटींचा फरक! मायक्रोचिपचाच यूएसबी५७४४ आणखी नखरेल: त्याला आयटूसी नावाच्या वेगळ्या तारेवरून 'आता जोडून घे' असा हुकूमही द्यावा लागतो.

लॅपटॉप झोपला की ड्रायव्हर हबची वीज काढून घेतो. पण त्या हबवर लॅपटॉपला जागं करू शकणारा कीबोर्ड असेल तर? मग हात लावत नाही.

२०२४ च्या ६.१० मध्ये ड्रायव्हरच्या नावातला 'हब' गेला आणि 'डिव्हाइस' आलं, कारण एक्समॉसची आवाजावर प्रक्रिया करणारी चिप एक्सव्हीएफ३५०० दारात उभी होती. ती हब नाही, पण वीज तिलाही आधीच हवी! पाइनफोन या लिनक्सवाल्या फोनचा मोडेम याहून हट्टी. तो आतून यूएसबीनेच जोडलेला, पण नुसत्या विजेवर उठत नाही. त्याची पॉवर-की किमान अर्धा सेकंद दाबून धरावी लागते. तिथे बोट नाही, म्हणून कर्नलच्या बाहेरचा 'ईजी२५-मॅनेजर' नावाचा प्रोग्राम जीपीआयओ (सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणारी) पिन हलवून ती दाबतो.