शेतकऱ्यांच्या सभेंतून निघालेली स्त्रियांची संस्था

शेतकरी संघाच्या सभा आमच्या वाचकांस नव्या नाहींत. बियाणें, खत, जनावरांचे रोग, कर्जफेड, बाजारभाव ह्या विषयांवर दोन दोन तास चर्चा होते, ठराव होतात, आणि घरांतील बायका आंतून चहा पाठवितात. परंतु दुभत्याचें काम कोण पाहतें, पुढील सालाचें बीं राखेंत घोळून कोण जपून ठेवतें, खुरपणी आणि वेचणी कोणाच्या हातची, असें विचारल्यास उत्तर एकच येईल. ज्यांच्या हातीं शेताचें निम्में काम त्यांस शेताच्या सभेंत जागा नाहीं, ही स्थिति केवळ आपल्याकडेच होती असें नव्हे. सव्वाशें वर्षांपूर्वीं कॅनडा देशाच्या ओंटारियो प्रांतांतही ती तशीच होती. तेथील शेतकरी मंडळाच्या एका चिटणिसानें ती मोडली, आणि त्यांतून ग्रामीण स्त्रियांची ‘विमेन्स इन्स्टिट्यूट’ ही स्वयंसेवी संस्था निघाली. तिची हकीकत येथें थोड्या विस्तारानें देत आहों.

अॅडिलेड हूडलेस ह्या बाईंचा जन्म १८५७ सालीं ओंटारियोंतील एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. पुढें हॅमिल्टन शहरांतील एका लांकूडसामानाच्या कारखानदाराशीं त्यांचा विवाह झाला. १८८९ च्या ऑगस्टांत त्यांचा तान्हा मुलगा जुलाबाच्या दुखण्यानें गेला. दूषित दुधानें तो दगावला, असें परंपरेनें सांगण्यांत येतें. आपल्याकडे दूध तापविल्यावांचून पिण्याची चाल नाहीं, म्हणून ह्याचें आश्चर्य वाटेल. परंतु त्या देशांत दूध कच्चेंच पीत. तें उघड्या कासंड्यांतून गाडीवर घालून घरोघर येई, आणि उन्हाळ्यांत त्यावर माशा बसत. कोमट दुधांत रोगजंतु किती झपाट्यानें वाढतात, हें तेव्हां थोड्यांसच ठाऊक होतें. ‘मला हें ठाऊक असतें तर’ ह्या विचारानें त्या बाईंचा पुढें पाठलाग केला. दुधाची स्वच्छता, अन्नाचें पोषण आणि मुलांची निगा हीं शिकविण्याचीं शास्त्रें आहेत, उपजत येणाऱ्या गोष्टी नव्हेत, असें त्या सभांतून सांगूं लागल्या. मुलींच्या शाळांत गृहशास्त्र शिकवावें ह्यासाठीं त्यांनीं जी खटपट केली, तिच्या पायीं त्यांस वर्तमानपत्रांतून टीकाही बरीच सोसावी लागली.

१८९६ च्या डिसेंबरांत ग्वेल्फ येथील शेतकी कॉलेजांत त्यांचें व्याख्यान झालें. श्रोत्यांत अर्लंड ली हा शेतकरी होता. तो साउथ वेंटवर्थ भागांतील शेतकरी मंडळाचा चिटणीस. मंडळाच्या ज्या सभेस बायकांसही बोलवावयाचें होतें, तिच्यासाठीं त्यानें ह्या बाईंस स्टोनी क्रीक गांवीं बोलाविलें. तेथें त्यांनीं विचारलें तें असें: पिकांच्या आणि गुरांच्या जोपासनेसाठीं पुरुषांनीं मंडळ काढलें; मग मुलांच्या आणि घराच्या जोपासनेसाठीं स्त्रियांनीं कां काढूं नये? प्रश्न साधा, पण गोठ्याची उपमा शेतकऱ्यांस चटकन पटली असावी. पुढील आठवडाभर अर्लंड आणि त्याची पत्नी जॅनेट ह्यांनीं शेजारपाजारच्या मळ्यांवरील बायकांस आमंत्रणें केलीं. ता. १९ फेब्रुवारी १८९७ रोजीं, थंडीच्या ऐन भरांत, गांवच्या दिवाणखान्यांत १०१ स्त्रिया जमल्या. पुरुष एकच होता, तो चिटणीस ली. संस्थेची घटना ली ह्यांच्या घरीं जेवणाच्या मेजावर तयार झाली. अध्यक्षपद मिळालें तें त्याच टापूंतील एका फळबागाइतदाराच्या पत्नीस, मिसेस ख्रिस्टिना स्मिथ ह्यांस. हूडलेसबाई सन्मान्य अध्यक्ष झाल्या.

ही संस्था टिकली कशी, हें पाहण्यासारखें आहे. आमच्या मतें तिचीं कारणें दोन. पंथ आणि राजकीय पक्ष ह्यांचे वाद सभेंत आणावयाचे नाहींत, असा दंडक प्रथमपासून होता. त्यामुळें निरनिराळ्या चर्चला जाणाऱ्या शेजारणी एका खोलींत बसूं शकल्या. दुसरें, प्रांताच्या शेतकी खात्यानें ह्या शाखांस आपल्या पंखाखालीं घेतलें आणि व्याख्यात्या पाठविल्या. आज पावाचें पीठ, उद्यां अंड्यांची निगा, परवां दुखणेकऱ्याची शुश्रूषा, असे धडे गांवांतच मिळूं लागले. काम मात्र गृहशास्त्रापुरतें राहिलें नाहीं. पोरांच्या प्रकृतीची चर्चा निघाली कीं शाळेंतील पाण्याची निघे, आणि पाण्याची निघाली कीं डॉक्टराच्या तपासणीची. वाचनालयें, शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी, गांवांतील सार्वजनिक सभागृहें ह्यांसाठीं शाखांनीं वर्गणी जमविली आणि अर्जही केले. दुधाच्या पाश्चरीकरणाचा पाठपुरावा करणाऱ्यांतही ह्या स्त्रिया होत्या. दूध सुमारें ६३ अंश सेल्सियसवर अर्धा तास, अथवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवून लगेच थंड करणें, एवढीच ती क्रिया. परंतु ती सक्तीची करणारा कायदा ओंटारियोंत १९३८ सालीं झाला. हूडलेसबाई त्यापूर्वीं अठ्ठावीस वर्षें, १९१० सालीं, टोरांटो येथें व्याख्यान देतां देतां वारल्या होत्या.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें बरें नाहीं. हूडलेसबाईंस स्त्रियांच्या मताधिकाराचें प्रेम नव्हतें. स्त्रीचें राज्य घर, असाच त्यांचा विचार होता. परंतु एकदां शंभर बायका एकत्र बसूं लागल्या कीं त्या कोठें थांबतील, हें संस्थापकाच्या हातीं राहत नाहीं. १९१९ सालीं सर्व प्रांतांतील शाखांचा अखिल कॅनडा संघ झाला, आणि त्याच्या पहिल्या अध्यक्ष एमिली मर्फी ह्या होत्या. कायद्याच्या अर्थानें स्त्री ही ‘व्यक्ति’ आहे कीं नाहीं, हा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत नेऊन १९२९ सालीं जिंकणाऱ्या पांच स्त्रियांपैकीं एक त्याच.

समुद्रापलीकडे ही चळवळ नेली मॅज वॉट ह्या कॅनडावासी बाईंनीं. ब्रिटनांत तिला आश्रय दिला तोही शेतकऱ्यांच्या सहकारी संघटनेनेंच. त्या संघटनेचे चिटणीस नूजेंट हॅरिस ह्यांस सहकारी सभांत शेतकऱ्यांच्या बायका याव्यात असें फार वाटे. प्रयत्नानें त्या आल्या, पण एक अक्षर बोलल्या नाहींत. कारण विचारतां त्यांनीं कळविलें तें असें कीं, आम्ही बोललों तर घरचे पुरुष आणि मुलगे आमची थट्टा करतील. आमच्या वाचकांनीं हें वाक्य जरा थांबून वाचावें, अशी विनंति आहे. हॅरिस ह्यांनीं तोडगा काढला तो स्त्रियांच्या वेगळ्या सभेचा, आणि १९१५ सालीं वेल्समधील अँगलसी बेटावर ब्रिटनची पहिली शाखा निघाली. तेथील कित्येक शाखांत जमीनदारीणबाईच अध्यक्ष होई, आणि मजुराची बायको तिच्यापुढें किती मोकळेपणें बोलत असेल ह्याची शंका घेण्यास जागा आहे.

ह्या शाखांची खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धांत झाली. साखरेवर नियंत्रण आलें होतें, आणि आलुबुखार व सफरचंद झाडाखालीं सडून जाण्याची भीति होती. ज्यानें भाव पडला म्हणून टोमॅटो बांधावर ओतले आहेत, त्यास ही अडचण समजावून सांगणें नको. सरकारनें शाखांस साखर दिली, आणि गांवोगांवच्या सभागृहांत, शाळांत, कोणाच्या स्वयंपाकघरांत फळें टिकविण्याचीं केंद्रें उघडलीं. १९४० सालीं सुमारें १६०० टन माल तयार झाला. साखरेचा हिशेब चोख ठेवावा लागे, बरण्या उकळून घ्याव्या लागत, आणि मुरंबा घरीं न नेतां शिधावाटपाच्या पुरवठ्यांत द्यावा लागे. आपल्याच झाडाचें फळ, आपलेच श्रम, आणि आपल्या मुलांस त्यांतला अधिक वांटा नाहीं. ह्यावर कुरकुर झाली नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. तरी काम झालें. पूर्वीं पंचवीस वर्षें दरमहा भेटून, हिशेब लिहून, काम वांटून घेण्याची जी संवय लागली होती तीच त्या उन्हाळ्यांत उपयोगीं पडली. ऐन वेळीं हुकूम काढून अशीं माणसें मिळत नाहींत.

आपल्या प्रांतांत असें कांहीं झालेंच नाहीं, असा समज होऊं नये. शेतकरी संघटनेनें १९८६ च्या नोव्हेंबरांत नाशिक जिल्ह्यांतील चांदवड येथें शेतकरी महिलांचें अधिवेशन भरविलें. पुढें त्याच संघटनेच्या लक्ष्मीमुक्ति कार्यक्रमांत कित्येक शेतकऱ्यांनीं जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नांवें केला. सातारा जिल्ह्यांतील म्हसवड येथें चेतना सिन्हा आणि त्यांच्या सोबतच्या स्त्रियांनीं बँकेसाठीं रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. बहुतेक जणी अंगठा उठविणाऱ्या, म्हणून तो प्रथम परत आला. त्या लिहावयास शिकल्या, पुन्हां गेल्या, आणि १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. साताबाऱ्यावर जिचें नांव नाहीं तिला तारण काय देतां येणार, हा प्रश्न मात्र गांवोगांव पडून आहे, आणि तो सोडविणें स्त्रियांच्या नव्हे, जमीन ज्यांच्या नांवें आहे त्यांच्या, म्हणजे ह्या मासिकाच्या वाचकांच्याच हातीं आहे.

आमच्या शाखांपैकीं ज्यांस हा प्रयोग करावासा वाटेल त्यांनीं दोन बाबी ध्यानांत ठेवाव्या. सभेची वेळ दिवेलागणीची ठेवूं नये. ती वेळ चुलीची आणि धारांची, त्या वेळीं कोणी येणार नाहीं आणि मग ‘बायकांसच आवड नाहीं’ असा शेरा वहींत लिहिला जाईल. दुपारची भाकर झाल्यावर, सुगी आटोपलेल्या महिन्यांत सभा घ्यावी. आणि पहिल्या बैठकींत विषय कोणता घ्यावयाचा तें चिटणिसानें ठरवूं नये. लीप्रमाणें दार उघडून द्यावें, आणि बोलावयाचें तें त्यांस बोलूं द्यावें.