गिमवीची गोगलगाय, परभणीची गोळी

जंतांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरला सूक्ष्मदर्शक पुरत नाही, त्याला पाणवठ्यापर्यंत जावेच लागते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत लोकांच्या लघवीतून रक्त जाई. डॉ. आर. के. गाडगीळ आणि डॉ. एस. एन. शाह यांनी १९५२ मध्ये त्यामागचा शिस्टोसोमा कृमी दाखवून दिला. पुढे शोध त्या कृमीला पोसणाऱ्या फेरिसिया या इवल्याशा गोगलगायीपाशी पोचला. लघवीच्या बाटलीतून सुरू झालेले निदान असे पाण्यात उतरले.

एका कोकणी गावाच्या दुर्मीळ रोगाचे परभणीला काय, असे कोणी विचारेल. इथे १ ते १९ वर्षांच्या मुलांना जंतांवरचे अल्बेंडाझोल मिळतेच. मिळायलाच हवे. पण गोळी पोटातले जंत मारते, मातीतली अंडी नव्हे, म्हणून ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. उलट पाण्यातून येणाऱ्या नारूवर ना लस होती, ना नेमके औषध. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, पाणी गाळले गेले (हातपंपाला त्याचे श्रेय आपण फार कमी देतो) आणि १९९६ नंतर भारतात रुग्ण सापडला नाही. आकडेकृमी तर सहसा पाण्यातूनही येत नाही. त्याची अळी ओल्या मातीतून, अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते.