वस्तीच्या राखणीसाठी पिल्लू : जातिवंत की मिश्र?

रानातील वस्तीवर जागते कुत्रे असले म्हणजे शेतकऱ्यास निर्धास्त झोप लागते. परंतु बैल घेताना दात, खांदा व चाल पारखणारा शेतकरी पिल्लू घेताना मात्र विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबतो. त्यामुळे कित्येकदा पैसे तर जातातच, शिवाय कोंबड्या-करडांचे नुकसानही पदरी येते.

जातिवंत पिलाचा मुख्य लाभ असा की, त्याचा बांधा व स्वभाव पुढे कसा होईल याचा अंदाज आधीच करता येतो. दख्खनच्या पठारावरील कारवान जातीचेच उदाहरण घ्यावे. मुधोळ भागात ही जात मुधोळ हाउंड म्हणून प्रसिद्ध असून २००५ साली टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. लांब पाय, निमुळते डोके, खोल छाती व आखूड केस यांमुळे हा कुत्रा वेगवान असतो व आपले ऊनही सोसतो. मात्र तो नजरेने शिकार करणारा आहे. पळते जनावर दिसताच तो मागे धावतो. म्हणून शेळ्या-कोंबड्यांत वावरण्याची सवय त्यास लहानपणीच लावावी लागते.

मिश्र पिलात आईचे गुण उतरतील की बापाचे, हे सांगता येत नाही. एकाच वेतातील दोन पिलेही भिन्न निघतात. तथापि जवळच्या नात्यातील पैदास टळल्याने अशी पिले बहुधा काटक असतात व किंमतही थोडी पडते. केवळ राखणीसाठी ती पुरेशी होत.

दोन्ही बाबतींत खरी पारख आईची. ती जनावरांत शांत राहणारी व परक्यावर भुंकणारी असावी. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. डोळे स्वच्छ असावेत. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असल्यास जंतांची शंका घ्यावी.

तीन महिन्यांचे होताच पिलास रेबीजची लस टोचून घ्यावी व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने ती नियमित द्यावी. या रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट घरोघरी समजावून सांगावी. जातीची निवड चुकली तर पैसे जातील. लस चुकली तर घरचे माणूस जाईल.