तंजावरच्या मराठा राज्याचे संरक्षण कोणाच्या हाती होते?

तमिळनाडूतील तंजावर येथे भोसले घराण्याची गादी सुमारे १८० वर्षे टिकली. त्यातील अखेरची सुमारे ८० वर्षे या राज्याचे संरक्षण ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेकडे होते. छोट्या राज्याने संरक्षण दुसऱ्यावर सोपविल्यास काय घडू शकते, हे तंजावरच्या इतिहासातून स्पष्ट होते.

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर ताब्यात घेतले. कावेरीच्या खोऱ्यातील हा मुलूख भातशेतीमुळे संपन्न होता. मात्र सह्याद्रीसारखे डोंगरी किल्ल्यांचे नैसर्गिक संरक्षण त्याला नव्हते. अर्काटचे नवाब या राज्याकडून खंडणीची मागणी करीत. कंपनीच्या मध्यस्थीने १७६२ मध्ये झालेल्या करारानुसार तंजावरने नवाबाला दरसाल ४ लाख रुपये देण्याचे मान्य केले.

तुळजाजी राजे यांच्या कारकिर्दीत १७७१ मध्ये तंजावरला वेढा पडला. त्या वेळी कबूल केलेली रक्कम थकल्याचे कारण पुढे करण्यात आले आणि १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेने नवाबासाठी तंजावरचा किल्ला जिंकला. तुळजाजी कैद झाले. लंडनमधील कंपनीच्या संचालकांना ही कारवाई मान्य नव्हती. त्यांच्या आदेशानुसार मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पिगॉट यांनी १७७६ मध्ये राजांना पुन्हा गादीवर बसविले.

राज्य परत मिळाले, परंतु किल्ल्यात कंपनीची शिबंदी कायम राहिली. तिच्या खर्चासाठी दरवर्षी ४ लाख पगोडा, म्हणजे होन, देण्याचे राजांनी मान्य केले. एवढा खर्च करूनही प्रजेला संरक्षण मिळाले नाही. १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीत राजधानी वाचली, पण सभोवतालचा मुलूख उद्ध्वस्त झाला. १७८२ च्या फेब्रुवारीत टिपूने कर्नल ब्रेथवेट यांच्या तुकडीचा पराभव केला.

दुसरे सरफोजी राजे यांच्याशी २५ ऑक्टोबर १७९९ रोजी झालेल्या करारान्वये राज्यकारभारही कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला व लगतचा परिसर, दरसाल १ लाख पगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. सरफोजींनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. त्यांनीच सरबेंद्रराजपट्टिनमच्या किनाऱ्यावर मनोरा नावाची आठ मजली वास्तू उभारली. १८१४ मधील नेपोलियनच्या पाडावाचे आणि ब्रिटिश सैन्याच्या विजयाचे ते स्मारक आहे. स्वतःचे लष्करी बळ गमावलेल्या राजाने परक्या सैन्याच्या विजयाचे स्मारक बांधावे, यातूनच बदललेली परिस्थिती दिसून येते.

१८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे यांचे पुत्राविना निधन झाल्यावर कंपनीने गादी संपुष्टात आणली आणि राजांची मालमत्ता ताब्यात घेतली. हे प्रकरण राणी कामाक्षीबाई यांनी न्यायालयात नेले. मात्र ही कृती राजसत्तेची असल्याने न्यायालयांना तिचा विचार करता येत नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये दिला.

संरक्षणासाठी इतरांचे साहाय्य घेणारे छोटे देश आजही आहेत. कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकाने १९८१ मध्ये आपले संरक्षण दल बरखास्त केले आणि १९८२ मध्ये बार्बाडोस, सेंट लुसिया आदी शेजारी देशांसमवेत सामूहिक सुरक्षा व्यवस्था उभारली. ती व्यवस्था परस्पर साहाय्याच्या तत्त्वावर आधारलेली आहे. तंजावरमध्ये मात्र रक्षण करणारी फौज, तिच्या खर्चाची वसुली आणि अखेर वारसाचा निर्णय, हे सारे एकाच सत्तेच्या हाती एकवटले होते.